मूळ नक्षत्राचा फोटो

गटाची बचत, बँकेचे हप्ते, शेळीपालन, डाळ मिल या विषयांवर आपण रेडिओवर नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा लांबचा वाटेल, पण फिरून तो आपल्याच घरात येणार आहे. आज आम्ही बोलणार आहोत आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो कसे काढतात याबद्दल. आणि अशा एका नक्षत्राबद्दल, ज्याच्या नावानं आपल्याकडे अजूनही मुलींची स्थळं परत जातात. ते नक्षत्र म्हणजे मूळ.

गावोगावच्या बैठकांना जाताना आम्ही हे ऐकत आलो आहोत. "पोरगी गुणाची आहे, शिकलेली आहे, पण मुळावर जन्मलेली. सासऱ्याला चांगली नाही." मग कुणी शांतीवर खर्च करतं, कुणी पत्रिकाच दाखवत नाही, कुणी जन्माची वेळ बदलून सांगतं. आणि ती मुलगी मात्र मनात घेऊन बसते, की आपल्यातच काही खोट आहे. आम्ही बैठकीत विचारतो, ज्या मूळ नक्षत्राला आपण एवढं भितो, ते कितीजणींनी डोळ्यांनी पाहिलंय? हात वर येत नाहीत. कुणाला भ्यायचं ते निदान एकदा पाहून तरी घेऊ, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आधी फोटोचं समजून घेऊ. आपला डोळा फार चांगला आहे, पण त्याला साठवण जमत नाही. आलेला उजेड तो क्षणभरात वापरून टाकतो, रोजची मजुरी रोज खर्चावी तसा. म्हणून फार मंद तारा कितीही वेळ टक लावून पाहिला तरी दिसत नाही. कॅमेरा मात्र उजेड साठवू शकतो. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं तो उघडा ठेवला, की थेंबाथेंबानं येणारा उजेड आत जमा होत राहतो. तेवढ्या वेळात आकाश मात्र सरकतं. पृथ्वी फिरते म्हणून सगळं आकाश ध्रुव ताऱ्याभोवती फिरताना दिसतं, जातं मधल्या खुंट्याभोवती फिरावं तसं. परभणीत हा खुंटा उत्तरेला, जमिनीपासून साधारण १९ अंश वर दिसतो. कॅमेरा आणि दुर्बीण मोटारीवर बसवून त्याच गतीनं फिरवली, तरच तारा ठिपक्यासारखा येतो. नाहीतर त्याची रेघ उमटते.

चांगल्या फोटोला तीन गोष्टी लागतात. अंधार, गारवा आणि बचत.

पहिली गोष्ट अंधार. ती शहरवाल्यांकडे नाही, आपल्याकडे आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना ताऱ्यांचे फोटो काढायचे तर गाड्या घेऊन शे-दीडशे किलोमीटर लांब जावं लागतं. आपल्याकडे डीपी जळाली की आपोआप तसं आकाश मिळतं. ही गंमत झाली, पण दिव्यांचं बोलणं बाईसाठी गंमतीचं नाही. रात्री घराबाहेर पडायचं, विहिरीवर किंवा बसथांब्यावर जायचं, तर रस्त्यावर दिवा हवाच. आम्ही दिवे बंद करा असं म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात नाही. वरून झाकलेला आणि खाली तोंड केलेला दिवा असला, तर कमी विजेत पायाखालचं जास्त दिसतं आणि डोळेही दिपत नाहीत. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आकाशाचा अंधार जपणारं भारतातलं पहिलं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांतले रस्ते अंधारात ठेवले नाहीत, रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले दिवे बसवले. आपल्या गावात नवा हायमास्ट किंवा एलईडी दिवे येणार असतील, तर ग्रामसभेत ही मागणी आपल्यालाही करता येईल.

दुसरी गोष्ट गारवा. कॅमेऱ्याच्या आत एक छोटी चकती असते. तिच्यावर उजेड पडला की विजेचे बारीक कण सुटतात आणि ते मोजून फोटो तयार होतो. अडचण अशी, की नुसत्या उष्णतेनंही तसेच कण सुटतात. म्हणजे जिथे तारा नाही तिथेही ठिपका उमटतो. तापलेल्या फोननं अंधारात फोटो काढा, काळ्या आभाळावर रंगीत खसखस पेरल्यासारखी दिसेल. चकती साधारण सहा-सात अंशांनी गार केली, की ही खोटी खसखस निम्मी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा ३० अंश असतात. तिथून चकती उणे १० अंशांवर आणली, तर सहा वेळा निम्मं होत होत साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो.

हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात चकतीच्या पाठीमागे एक छोटी पट्टी बसवलेली असते. वीज सोडली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, आणि ती गरमी पंखा बाहेर टाकतो. आत दव धरू नये म्हणून गोळ्यांच्या डबीत असते तशी ओल शोषणारी पुडी ठेवतात. मोठ्या वेधशाळांचं काम एवढ्या गारव्यावर भागत नाही. तिथे कॅमेरा द्रवरूप नायट्रोजननं गार ठेवतात. हा नायट्रोजन आपल्या ओळखीचा आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या जनावरांच्या दवाखान्यात ज्या वाफाळत्या कॅनमध्ये ठेवलेल्या असतात, त्यात तोच असतो, उणे १९६ अंशांचा. एकाच वस्तूनं आपल्या गोठ्यात कालवड येते आणि वेधशाळेत ताऱ्याचा फोटो निघतो.

तिसरी गोष्ट बचत, आणि ती तर आपलाच धंदा. एका फोटोत काम होत नाही. त्याच जागेचे पन्नास, शंभर, दोनशे फोटो काढतात आणि संगणकावर एकावर एक रचून बेरीज करतात. तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो पक्का होत जातो. खोटा ठिपका आज इथे, उद्या तिथे, म्हणून तो विरून जातो. एकीनं सांगितलेली गोष्ट आणि शंभर जणींनी स्वतः पाहून वेगवेगळी सांगितलेली गोष्ट, यात जो फरक, तोच इथे. याचा हिशोबही ठरलेला आहे. चार फोटो रचले की खरखर निम्मी होते, नऊ रचले की तिसरा हिस्सा, शंभर रचले की दहावा हिस्सा. म्हणजे सुरुवातीचे हप्ते लवकर फळ देतात आणि पुढे धीर धरावा लागतो. गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

एवढं करूनही काही खोटे ठिपके जागचे हलत नाहीत. त्यावर उपाय बाजारातला आहे. सोयाबीनचं पोतं काट्यावर ठेवलं की बारदानाचं वजन वजा करतात ना? तसंच, दुर्बिणीचं झाकण लावून तेवढ्याच वेळेचे फोटो काढतात. त्यात तारे नसतात, फक्त कॅमेऱ्याची स्वतःची खोट येते. ती खऱ्या फोटोतून वजा करतात. पण बारदान तेच हवं. झाकण लावून घेतलेला फोटो आणि ताऱ्यांचा फोटो एकाच तापमानावर घेतलेला असला पाहिजे. म्हणून असा कॅमेरा नुसता गार असून चालत नाही, ठरवलेल्या एकाच अंशावर टिकून राहावा लागतो. त्याची किंमत यातच आहे, आणि ती लाखाच्या घरात जाते. आमच्याकडे असा कॅमेरा नाही. पण तो काय करतो हे समजायला पैसे पडत नाहीत.

आता अशा कॅमेऱ्यानं काय पाहतात? पुष्कळ लोक तारकागुच्छांचे फोटो घेतात. तारकागुच्छ म्हणजे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा घोस. एकमेकांच्या ओढीनं ते बराच काळ सोबत राहतात, आणि मग एकेक करत पांगतात. आपला सूर्यसुद्धा अशाच एखाद्या घोळक्यात जन्मला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याची भावंडं कधीच चहूकडे गेली. शास्त्रज्ञांना या गुच्छांचा मोठा उपयोग आहे. एकाच दिवशी टोबलेली कपाशी पाहिली की पातं लागलंय, फूल आलंय का बोंड धरलंय, यावरून आपण पिकाचं वय सांगतो. तसं गुच्छातले मोठे निळे तारे अजून आहेत की संपले, हे पाहून गुच्छाचं वय काढतात. मोठे निळे तारे इंधन भराभर जाळतात आणि लवकर संपतात. लहान आणि लालसर तारे काटकसरीनं फार काळ जगतात.

आपल्या सगळ्यांना माहीत असलेला तारकागुच्छ म्हणजे कृत्तिका. कार्तिक महिन्याला नाव तिचंच. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत अंधार पडल्यावर पूर्वेला पाहा, द्राक्षाच्या लहानशा घडासारखा पुंजका वर येताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना सहा तारे दिसतात. कॅमेऱ्याच्या बचतीतून तिथे हजाराहून जास्त तारे निघाले, आणि त्यांच्याभोवती निळसर धुराची जाळीही. तो धूर म्हणजे आकाशातली धूळ, ताऱ्यांच्या उजेडानं उजळलेली. कृत्तिकांचं वय साधारण १० कोटी वर्षं, आपल्या सूर्याचं ४६० कोटी. म्हणजे सूर्यापुढे त्या अगदी लेकी. त्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षं लागतात. उजेड एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो, तरीही. आज रात्री कृत्तिकांचा जो उजेड आपल्या अंगणात पोचेल, तो निघाला तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते.

ताऱ्यांचे फोटो ही काही परदेशातूनच आलेली गोष्ट नाही. आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादेत १९०१ साली नवाब जफर जंग यांनी दुर्बिणी आणून वेधशाळा सुरू केली, तीच निजामिया वेधशाळा. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. सगळ्या आकाशाचा फोटोंतून नकाशा करायचा, असं जगभरातल्या वेधशाळांनी १८८७ मध्ये पॅरिसला ठरवलं होतं आणि आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादकडे होता. तेव्हा गार कॅमेरे नव्हते. काचेच्या पाट्यांवर फोटो घ्यायचे आणि एकेक तारा डोळ्यांनी मोजायचा. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या इथे पहाटे दळत होत्या, तेव्हा आपल्याच राज्याच्या राजधानीत हेच तारे मोजले जात होते. आज महाराष्ट्रातही पुण्याच्या आयुका या संस्थेची जुन्नरकडे गिरवली इथे वेधशाळा आहे. ती २००६ मध्ये सुरू झाली. तिथल्या दुर्बिणीचा आरसा २ मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फुटांचा आहे.

आता मुळाकडे येऊ. मूळ म्हणजे वृश्चिक राशीच्या विंचवाची शेपटी. आकाशात हा विंचू खराखुरा विंचवासारखा दिसतो. पुढे डोकं, ते अनुराधा. मध्ये तांबडा तारा, ती ज्येष्ठा. आणि मागे वळलेली नांगी, ते मूळ. आता ही तीन नावं एका ओळीत म्हणून पाहा. अनुराधा, ज्येष्ठा, मूळ. कुठे ऐकलीत? भाद्रपदात महालक्ष्म्या येतात अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठा नक्षत्रावर आणि निरोप घेतात मूळ नक्षत्रावर. त्या तीन दिवसांत चंद्र विंचवाच्या डोक्यापासून शेपटीकडे चाललेला असतो. ढग नसतील तर संध्याकाळी दक्षिणेला ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. पुढे नवरात्रात सरस्वतीचं आवाहन करतात, तेही मूळ नक्षत्रावरच. ज्या मुळावर आपण महालक्ष्म्यांची ओटी भरून पाठवणी करतो आणि सरस्वतीला बोलावतो, त्याच मुळावर आलेली घरची लेक वाईट कशी?

या नांगीच्या डाव्या हाताला, जरा वर, डोळ्यांनाही पुसटसा डाग दिसतो. तो एक तारकागुच्छ आहे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी टॉलेमी नावाच्या विद्वानानं त्याची नोंद केली होती. गार कॅमेऱ्यातून पाहिलं तर डागाचे तारे होतात. निळे-पांढरे ऐंशीच्या आसपास तारे, मध्येच एखादा पिवळा, आणि मागे आकाशगंगेचे असंख्य बारीक कण, रांगोळी सांडल्यासारखे. आपल्या आकाशगंगेचं केंद्रही याच दिशेला आहे, म्हणून इकडे ताऱ्यांची एवढी दाटी. हौशी लोक रात्र-रात्र जागून ज्या भागाचे फोटो काढतात, तो भाग हा. फोटो कितीही मोठा करून पाहा, त्यात तारे आहेत, धूळ आहे, वायू आहे. कुणाच्या सासऱ्याचं नाव नाही.

थोडा हिशोबही करू. या गुच्छाचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे ९८० वर्षं लागतात. म्हणजे आज दिसणारा उजेड ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्या दोनशे वर्षांहून आधी निघालेला आहे. आज रात्री परभणीच्या दवाखान्यात जन्मणाऱ्या मुलीची वार्ता त्याला कशी असेल? दुसरं असं, की मुळावर जन्म म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र त्या भागात असणं. चंद्र साधारण २७ दिवसांत २७ नक्षत्रं फिरतो. म्हणजे दर सत्तावीस माणसांत एक मुळावर जन्मलेलं असतं. २७० बायांच्या मेळाव्यात अशा दहाएक जणी असणारच. १४० कोटींच्या देशात ही माणसं पाच कोटींहून जास्त भरतात. त्यांच्या सगळ्यांच्या सासऱ्यांना काही झालं असतं, तर त्यासाठी पंचांग लागलं नसतं, गावोगावच्या मृत्यूच्या नोंदींतच दिसलं असतं.

पत्रिकेची एकदा रीतसर परीक्षाही झालेली आहे. आयुका संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना सोबत घेऊन, २००८ मध्ये ती घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातलं मूल हुशार कोणतं, दिव्यांग कोणतं? २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. त्यातली बरोबर आली ४६ टक्के. रुपया उडवून छापा-काटा केला असता, तरी निम्मी बरोबर आली असती.

एका बाईबद्दल सांगून बोलणं आवरतं घेऊ. कॅरोलिन हर्शेल तिचं नाव, जन्म जर्मनीतला, १७५० चा. लहानपणी तापात तिची वाढ खुंटली, उंची सव्वाचार फुटांवर थांबली. हिचं लग्न काही होणार नाही, हिनं घरकामच करावं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. पुढे ती भावाकडे इंग्लंडला गेली, दुर्बीण शिकली, थंडीत रात्र-रात्र आकाश धुंडाळू लागली. १७८३ मध्ये तिला शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारकागुच्छ सापडला. पुढे तिनं धूमकेतूही शोधले, आणि १७८७ पासून इंग्लंडच्या राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. बाईला शास्त्राच्या कामासाठी पगार, ही त्या काळी न ऐकलेली गोष्ट होती. गार कॅमेरेवाले आज तिच्या त्या गुच्छाचे फोटो आवडीनं काढतात. लोकांनी तिच्याबद्दल काय ठरवलं होतं, आणि आज तिची नोंद कशाबद्दल आहे, हे ध्यानात घ्यावं.

आपल्या शेजारीच, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया हा अवकाशातली सूक्ष्म कंपनं टिपणारा मोठा प्रकल्प होतो आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या उभारणीला मान्यता दिली. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत आपल्या परभणीतच होता. तिथे उद्या शिकलेल्या हातांची गरज लागेल. आपल्या मुलींनी आकाशाकडे भीतीनं पाहायचं की अभ्यासानं, हे आपण आज घरात काय बोलतो यावर ठरेल.

मैत्रिणींनो, गटासाठी तीन कामं सांगतो. एक, अमावास्येच्या आसपास एखादी बैठक रात्री, उघड्यावर घ्या. हिवाळ्यात कृत्तिका आणि नवरात्राच्या सुमाराला अंधार पडताच नैऋत्येला मूळ, हे पोरींना दाखवा. फोन पाटाला टेकवून, रात्रीच्या मोडवर ठेवून, हात न लावता फोटो घ्या. फोनही आतल्या आत चार-आठ फोटोंची बचतच करत असतो, कृत्तिकांचे ठिपके नक्की येतील. दोन, पुढच्या ग्रामसभेत झाकलेल्या, खाली तोंड केलेल्या दिव्यांचा विषय मांडा. तीन, आपल्या गटात ठराव करा, की आमच्या घरी सून आणताना नक्षत्र विचारलं जाणार नाही. स्थळ घेऊन येणाऱ्यालाही तसं आधीच सांगा. मुलीच्या आईला हे किती मोठं देणं आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कर्ज देताना आपण बाईचं नक्षत्र विचारत नाही. तिची बचत, तिची हजेरी आणि तिचा शब्द पाहतो, आणि आपले हप्ते वेळेवर येतात. सून आणतानाही तेवढंच पाहू या.